स्फोट ‘शोधला’ की ‘टिपला’?

ऐरोलीच्या एका शिक्षिकाबाईंनी विज्ञान प्रदर्शनाच्या फलकासाठी लिहिलेले एक वाक्य पाठवून ते योग्य आहे का, असे विचारले आहे. वाक्य असे: ‘१९ मार्च २००८ रोजी स्विफ्ट या अवकाश दुर्बिणीने गॅमा किरण स्फोट शोधला आणि त्याचे स्थान शोधले.’ ‘शोधणे’ दोनदा आल्यामुळे वाक्य कानाला खटकते, असे त्या म्हणतात. माझ्या मते अडचण पुनरुक्तीपेक्षा अर्थाची अधिक आहे.

‘शोधणे’ या क्रियापदात धुंडाळणे गृहीत असते. काय हवे ते ठाऊक असते आणि ते कुठे आहे एवढेच ठाऊक नसते. गॅमा किरण स्फोटाचे, म्हणजे दूरच्या अवकाशातून एकाएकी येणाऱ्या अतिप्रखर किरणांच्या लोटाचे, तसे नाही. तो केव्हा आणि आकाशाच्या कोणत्या भागात होईल हे आधी कळत नाही, आणि कित्येक स्फोट तर दोन सेकंदांच्या आत संपतात. म्हणून उपकरण आकाशाच्या मोठ्या भागावर सतत नजर ठेवते आणि येणाऱ्या किरणांची संख्या नेहमीच्या पातळीहून एकाएकी वाढली की तिची नोंद करते. या क्रियेला ‘टिपणे’ चपखल बसते, कारण क्षणात निसटणारी गोष्टच आपण टिपतो.

स्थानाची गोष्ट वेगळी, आणि खरी गंमत तिथेच आहे. इतक्या प्रखर ऊर्जेचे किरण भिंगाने किंवा साध्या आरशाने एकवटता येत नाहीत. म्हणून स्विफ्टवरच्या उपकरणात शिशाच्या सुमारे ५२,००० लहान चकत्यांचा एक पडदा आहे आणि त्याच्याखाली ३२,७६८ संवेदक मांडलेले आहेत. चकत्यांची मांडणी मुद्दामच अनियमित आहे. ऊन ज्या बाजूने येते त्याप्रमाणे खिडकीच्या जाळीची सावली फरशीवर सरकते, तशीच या पडद्याची सावली संवेदकांवर सरकते. सावली कुठे पडली यावरून संगणक किरणांची दिशा काही कलामिनिटांपर्यंत (कलामिनिट म्हणजे अंशाचा साठावा भाग) काढतो. चंद्रबिंबाची रुंदी सुमारे ३० कलामिनिटे असते, यावरून ही अचूकता ध्यानात यावी. फर्मी या दुसऱ्या अवकाश दुर्बिणीवरचे स्फोट टिपणारे उपकरण मात्र निरनिराळ्या दिशांना तोंड केलेल्या १२ संवेदकांपैकी कोणावर किती किरण पडले यावरून दिशेचा अंदाज करते, आणि त्यात बहुधा काही अंशांची चूक राहते. म्हणून फर्मीबद्दल लिहिताना ‘दिशेचा अंदाज आला’ म्हणावे, स्विफ्टबद्दल ‘स्थाननिश्चिती केली’ म्हणावे.

फलक मुलांसाठी असेल तर ‘ठावठिकाणा लागला’ हा प्रयोग मला अधिक आवडेल. ‘ठाव’ आणि आपल्या गावाचे ‘ठाणे’ हे नाव, दोन्हींचे मूळ संस्कृत ‘स्था’ धातूपर्यंत जाते, तेव्हा इकडच्या मुलांना तो परका वाटण्याचे कारण नाही.

काही जण ‘स्फोटाचा वेध घेतला’ असेही लिहितात. वेध घ्यायला नेम धरावा लागतो, म्हणून हा प्रयोग पुढच्या टप्प्यासाठी राखून ठेवावा असे मला वाटते: दिशा कळताच स्विफ्ट आपणहून त्या बाजूला वळते आणि क्ष-किरण व दृश्य प्रकाशाच्या दुर्बिणींनी स्फोटामागून रेंगाळणाऱ्या उजेडाचा वेध घेते. १९ मार्चच्या त्या स्फोटाचा दृश्य प्रकाश तर काही क्षण नुसत्या डोळ्यांना दिसण्याइतका तेजस्वी होता, आणि तो सुमारे ७५० कोटी वर्षे प्रवास करून आला होता.

तेव्हा फलकावर असे लिहावे: ‘१९ मार्च २००८ रोजी स्विफ्ट या अवकाश दुर्बिणीने एक गॅमा किरण स्फोट टिपला, त्याचे स्थान निश्चित केले आणि लगेच तिकडे वळून त्याच्या मागे उरलेल्या उजेडाचा वेध घेतला.’

‘शोध’ हा शब्द या विषयातून हद्दपार करावा असे मात्र नाही. अणुचाचण्यांवर लक्ष ठेवण्यासाठी सोडलेल्या अमेरिकेच्या वेला उपग्रहांनी असा स्फोट प्रथम १९६७ मध्ये टिपला. निरनिराळ्या उपग्रहांवर किरण पोहोचण्याच्या वेळांतल्या फरकावरून त्यांचा उगम पृथ्वी किंवा सूर्य नाही हे ठरवता आले, आणि १९७३ मध्ये ते निष्कर्ष प्रसिद्ध झाले. तिथे ‘गॅमा किरण स्फोटांचा शोध लागला’ असेच म्हटले पाहिजे, कारण त्याआधी अशी काही घटना विश्वात घडते हेच कोणाला माहीत नव्हते.