संगणक-शंका : मंडळाचा ब्लॉग सट्ट्याच्या पानावर का जातो?

प्रश्न : आमच्या लोकमान्यनगरातल्या मंडळाचा ब्लॉग २०१० पासून ब्लॉगस्पॉटवर आहे. गेल्या पंधरवड्यापासून मोबाइलवर तो उघडला की क्रिकेटच्या सट्ट्याची जाहिरात येते. माझ्या संगणकावर मात्र सगळं ठीक दिसतं. पासवर्ड बदलून पाहिला, उपयोग नाही. आम्ही पाच जण ॲडमिन आहोत (त्यातले एक आता हयात नाहीत, पण खात्याला नंबर त्यांचाच जोडलेला आहे). गूगलसारख्या कंपनीच्या जागेत हे घडतंच कसं?
– सु. वि., इंदूर

उत्तर : सु. वि. साहेब, पासवर्डाच्या मागे लागू नका. तुमच्या खात्यात कुणी शिरल्याची एकही खूण मला दिसली नाही.

पत्र आल्यावर ब्लॉग मी फोनवर उघडला. रामनवमीच्या कीर्तनाचा फोटो उमटतो न उमटतो तोच पान पळालं, ते थेट 'पहिल्या डिपॉझिटवर बोनस'पाशी. मग तोच पत्ता संगणकावर उघडून कंट्रोल-यू दाबलं आणि पानामागचा कोड वाचत बसलो. बाहेरून येणाऱ्या तीन स्क्रिप्ट (पान उघडलं की चालणारे छोटे प्रोग्राम) सापडल्या : एक वाचक मोजणारा काउंटर, एक रोजचा सुविचार, आणि एक पानावर बर्फ पाडणारी. (इंदुरात बर्फ! असो.)

गोम काउंटरमध्ये आहे. काळ्या पट्टीवरचे ते हिरवे आकडे ज्या डोमेनवरून (इंटरनेटवरच्या नोंदणीकृत पत्त्यावरून) येतात, ते मूळ मालकाने सोडून दिलंय आणि गेल्या वर्षी भलत्यानेच घेतलंय. डोमेनच्या नोंदीत नवी तारीख स्पष्ट दिसते. तुम्ही कधीकाळी चिकटवलेली ओळ मात्र जिथल्या तिथे आहे. ती इमाने-इतबारे त्याच पत्त्यावरून कोड मागवते आणि नवा मालक जे पाठवेल ते तुमच्या वाचकाच्या फोनवर चालतं. परकी स्क्रिप्ट एकदा पानावर घेतली की ब्राउझरच्या लेखी ती तुमचीच. वाचकाला दुसरीकडे पळवणं तर सोडाच, खोटी लॉगिनची खिडकीसुद्धा ती दाखवू शकते.

मग मोबाइलवरच का? मालकाला पत्ता लागू नये म्हणून. जून २०२४ मध्ये गाजलेलं पॉलिफिल प्रकरण याच जातीचं. जुन्या ब्राउझरांना नव्या सोयी पुरवणारी ती स्क्रिप्ट लाखाहून जास्त संकेतस्थळांवर होती. त्याच वर्षी फेब्रुवारीत तिचं डोमेन एका चिनी कंपनीने घेतलं आणि काही महिन्यांत लोक सट्ट्याच्या पानांवर जाऊन आदळू लागले. तो कोड ठरावीक मोबाइलवर, ठरावीक वेळीच जागा व्हायचा. समोर साइटचा चालक आहे असं दिसलं की गप्प.

गूगलचं म्हणाल, तर ब्लॉगरवर (ब्लॉगस्पॉटचे ब्लॉग चालवणाऱ्या त्यांच्या सेवेवर) हवा तो जावास्क्रिप्ट कोड घालायची मुभा त्यांनी दिलीय, आणि तो धोका ओळखूनच लॉगिन ब्लॉगर डॉट कॉमवर आणि ब्लॉग ब्लॉगस्पॉट डॉट कॉमवर अशी फारकत ठेवलीय. पानावरच्या खोडसाळ कोडाचा हात लॉगिनच्या कुकीपर्यंत (तुम्ही लॉगिन केलंय याची ब्राउझरने ठेवलेली खूण) पोचू नये, हा त्यातला हेतू. लाइव्हजर्नल या ब्लॉगसेवेला ही अक्कल जानेवारी २००६ मध्ये ठेच लागून आली. तिथे हल्लेखोरांनी पानांत जावास्क्रिप्ट घुसवून सदस्यांच्या कुकी पळवल्या आणि खाती बळकावली, तेव्हा कुठे प्रत्येक सदस्याला वेगळा उपपत्ता मिळाला. वर्डप्रेस डॉट कॉम फुकटच्या ब्लॉगवर स्क्रिप्ट घालूच देत नाही. लोक कुरकुरतात, पण मला तो नियम पटतो.

तुम्ही लेआउटमध्ये जाऊन या तिन्ही स्क्रिप्टची गॅझेट काढा. थीमच्या कोडातही 'स्क्रिप्ट' हा इंग्रजी शब्द शोधून बाहेरचं जे काही सापडेल ते उडवा. वाचकांचा आकडा ब्लॉगरच्या आतच मिळतो; कार्यकारिणीला तो मिरवायचाच असेल तर वार्षिक अहवालात छापा.

खरं तर काउंटरपेक्षा तुमचा कंसच मला जास्त खटकला. ब्लॉगरमध्ये कुठलाही ॲडमिन बाकीच्या ॲडमिनना काढू शकतो, ज्याने ब्लॉग सुरू केला त्यालाही. म्हणजे पाचांपैकी एकाचा पासवर्ड फुटला तरी ब्लॉग गेला. लेख टाकणाऱ्याला 'लेखक' एवढा दर्जा पुरतो. ॲडमिन दोघेच ठेवा आणि दोघांच्या खात्याला दुहेरी पडताळणी लावा. आणि तो नंबर आजच बदला. बंद पडलेला नंबर कंपनी काही महिन्यांनी दुसऱ्याला देते. मग खातं उघडायचा कोड जाईल तो कुण्या अनोळखी माणसाच्या फोनवर. कैलासवासी सदस्यांचं नाव ॲडमिनच्या यादीत मानाने ठेवलं असेल, तर तो मान पानावर द्या, यादीत नको.

ईमेलने लेख टाकायचा गुप्त पत्ता कधी चालू केला होता का, तेही पाहा. त्या पत्त्यावर कुणीही मेल पाठवली तरी ती लेख म्हणून छापली जाऊ शकते, पासवर्ड कोणी विचारत नाही.

प्रश्न : माझा ब्लॉग वर्डप्रेस डॉट कॉमवर आहे. 'तेही हॅक झालं होतं, आता स्वतःचं होस्टिंग घे,' असं मुलगा म्हणतो. घेऊ का?
– एक वाचक, ग्वाल्हेर

उत्तर : पहिलं वाक्य खरं आहे. एप्रिल २०११ मध्ये त्यांच्या काही सर्व्हरांवर कुणीतरी थेट रूटपर्यंत (सर्व्हरचा पूर्ण ताबा देणाऱ्या खात्यापर्यंत) पोचलं होतं, आणि हे कंपनीने स्वतःच जाहीर केलं. मे २०२० मध्ये घोस्ट या ब्लॉगसेवेच्या सर्व्हरांवर सॉल्ट नावाच्या सॉफ्टवेअरमधल्या त्रुटीतून शिरून क्रिप्टो-चलन खणणारा प्रोग्राम बसवला गेला. पण स्वतःचं होस्टिंग म्हणजे प्रत्येक प्लगइन (जादा सोयीसाठी जोडलेला प्रोग्राम) वेळच्या वेळी अपडेट करणं तुमच्या गळ्यात. मुलगा रात्री बाराला उठून ते करणार आहे का, हे आधी त्याला विचारा. मी तर घेऊ नका असंच म्हणेन.

त्यापेक्षा महिन्याकाठी एक्स्पोर्टची फाइल उतरवून घ्या. तिच्यात फोटो येत नाहीत, नुसते त्यांचे पत्ते येतात. फोटोंसाठी मीडिया लायब्ररी वेगळी उतरवावी लागते.