गरीब घरातला, एका पायाने अधू मुलगा पॅरा खेळात पुढे जाऊ शकतो का? सुरुवात कशी करावी?

तुमचे वडील मजुरी करतात आणि भावाला गोळाफेक करायची आहे, असं लिहिलंय. जाऊ शकतो पुढे. पण 'जिद्द असली की सगळं होतं' म्हणणाऱ्यांचं ऐकू नका.

मी नागपूरचा, दोन्ही पायांना पोलिओ, वर्ग एफ-57, म्हणजे बसून फेकणारा. बाबा कळमना मार्केटमध्ये हमाली करायचे. बसून फेकणाऱ्याला पाय रोवता येत नाहीत. जोर कमरेतून आणि दुसऱ्या हाताने धरलेल्या दांडीवरून काढावा लागतो. बैठक जरा हलली की जोर तिथेच मुरतो. सुरुवातीला मी प्लास्टिकच्या खुर्चीवरून फेकायचो, चुलतभाऊ मागून धरायचा. 4 किलोचा गोळा समोरच पडायचा. मामा म्हणे, "लेका, मन लागत नाही तुझं." मन रोज लागत होतं, खाली लोखंड नव्हतं!

शेवटी बाबांनी उचल घेतली आणि गल्लीतल्या वेल्डरकडून बसून फेकायची लोखंडी अँगलची फ्रेम करून आणली. पहिल्याच स्पर्धेत पंचांनी टेप लावला. बैठकीची उंची गादीसकट 75 सेंटिमीटरच्या आत लागते, वेल्डरने गादी सोडून मोजली होती. बाबांनी तिथेच फोम खरवडून काढला. उघड्या प्लायवर बसलो, खिळ्यांची डोकी मांडीला रुतत होती. पण फ्रेम पट्ट्यांनी जमिनीला घट्ट आवळलेली होती, आणि गोळा पहिल्यांदा मनासारखा गेला. पुढे राज्याचं पदक त्याच फ्रेमवर आलं. सत्कारात मामाने माइक घेऊन पुन्हा जिद्दच सांगितली. बाबांच्या उचलीचं नावही नाही.

याच वर्गात होकाटो सेमा यांनी 2024 ला पॅरिस पॅरालिम्पिकमध्ये गोळा 14.65 मीटर फेकून कांस्य आणलं. सुरुंगस्फोटात पाय गमावलेला जवान, जिद्द होतीच. पण पाठीशी पुण्यातलं लष्कराचं पॅरा खेळांचं केंद्रही होतं.

भावाकडे 40 टक्के अपंगत्वाचं प्रमाणपत्र असेलच, पण त्यावरून खेळाचा वर्ग ठरत नाही. तो वर्गीकरण करणारे तपासून देतात. त्याआधी फ्रेमवर रुपया घालू नका. एक पाय धड असेल तर तो कदाचित उभ्याने फेकणाऱ्यांत बसेल, मग फ्रेम लागणारच नाही.

आणि कोणी नातेवाईक सत्काराला आला तर शाल नको, फ्रेम बांधायचे पट्टे आणा, असं तोंडावर सांगा. मी मामाला सांगितलं. त्याला राग आला, येऊ दे.