दारू पिणाऱ्या वडिलांबद्दल लिहिताना

तुमचा प्रश्न दोनदा वाचला. वडील गेल्या वर्षी गेले, जन्मभर प्यायले, आणि आता त्यांच्यावर लिहायला बसलात तर प्रत्येक पान फिर्यादीसारखं होतंय. ते असे का झाले हेच कळत नाही, असं तुम्ही म्हणता. माझे अण्णा जाऊन वीस वर्षं झाली. त्यांच्यावर मी सहा वर्षं लिहीत होते. त्यातली पहिली चार फुकट गेली, कारण मी ते ‘का’च शोधत बसले होते.

आमचं मूळ घर नारायण पेठेत, नदीच्या अंगाला. १२ जुलै १९६१ ला पानशेत धरण फुटलं तेव्हा अण्णा अकरा वर्षांचे होते. वाडा बसला, आजोबांचं दुकान गेलं, बिऱ्हाड गोखलेनगरला पूरग्रस्तांच्या वसाहतीत आलं. मला वाटलं, हेच ते कारण. शंभरेक पानं लिहून काकांना वाचून दाखवली. काका दोन वर्षांनी मोठे, त्याच पुरात पर्वतीच्या पायऱ्यांवर रात्र काढलेले. सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "अगं, मग मी का नाही प्यायलो?"

ती पानं मी काढून टाकली. पूर ठेवला, त्याच्यापुढचं ‘म्हणून’ काढलं.

त्यानंतर उपयोगी पडली ती एकच गोष्ट. अण्णांना घराबाहेर ओळखणाऱ्यांना भेटले. अण्णा पिंपरीच्या एका कारखान्यात टर्नर होते, लेथ मशीनवर धातूचे भाग कातायचे. शेजारच्या लेथवर बावीस वर्षं काम केलेले एक गृहस्थ थेरगावात सापडले. मी विचारलं, पिऊन यायचे तेव्हा काम बिघडायचं का? ते म्हणाले, "उलटं होतं बाई. न पिता यायचा त्या दिवशी कातलेले जॉब रिजेक्ट व्हायचे. मायक्रोमीटर धरवत नसे त्याला." फर्स्ट शिफ्टच्या आधी ‘क्वार्टर’ मारायचे ते मजेसाठी नव्हे, हात स्थिर व्हावेत म्हणून. हे ऐकलं आणि मला आमच्या घरातली पहाट आठवली. सकाळी साडेपाचला आई अण्णांच्या शर्टाची बटणं लावायची. ते हात खाली सोडून, मान वर करून उभे राहायचे. मी त्यावर लिहिलं होतं की आई त्यांची गुलाम होती. त्यांना बटण लावताच येत नव्हतं, हे मला पन्नाशीला आल्यावर कळलं.

दुसरा प्रसंग १९८७ च्या श्रावणातला. मी सातवीत. अण्णांनी श्रावण पाळायचा ठरवला, थेंब नाही. तिसऱ्या रात्री ते चादरीवरच्या मुंग्या झटकायला लागले. मुंगी एकही नव्हती. पहाटेपर्यंत झटकत होते, घामानं बनियन भिजलेला. आजी म्हणाली, नाटकं आहेत. सकाळी कुणीतरी आणून दिली, ती घेतली आणि शांत झोपले. मी हे ‘मनाचा दुबळेपणा’ म्हणून लिहून टाकलं होतं. एका डॉक्टरांनी नीट समजावलं: दारूच्या गुंगीला तोंड देण्यासाठी मेंदू स्वतःला सतत चेतवत ठेवतो. दारू एकदम थांबली की ती चेतवण तेवढी उरते. हात थरथरतात, छाती धडधडते. कुणाला दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी भास होतात, फिट येते, जीवही जातो. म्हणून वर्षानुवर्षं रोज पिणाऱ्याला घरच्या घरी एकदम सोडायला लावू नये, डॉक्टरांच्या देखरेखीखालीच सोडवावी. त्या रात्री अण्णा मरू शकले असते आणि आम्ही त्यांना रागावत होतो.

आणि हे सगळं चाललं होतं पुण्यात. आदल्याच वर्षी, २९ ऑगस्ट १९८६ ला, डॉ. अनिता आणि अनिल अवचट यांनी येरवड्याच्या मनोरुग्णालयाच्या आवारात मुक्तांगण हे व्यसनमुक्ती केंद्र सुरू केलं होतं. पु. ल. आणि सुनीताबाईंनी त्यासाठी मदत केली होती. आईच्या कानावर ते आलंही होतं. पण ‘येरवड्याला पाठवलं’ म्हटलं की पुण्यात लोक काय समजतात ते तुम्हाला माहीत आहे. आम्ही गेलो नाही. हे वाक्य लिहायला मला सगळ्यात जास्त दिवस लागले, कारण त्यात अण्णा नाहीत, आम्ही आहोत. तुमच्या वहीत अशी वाक्यं आहेत का, ते बघा. बाटली मोरीत ओतणं, फोनवर ‘बाबा घरी नाहीत’ म्हणणं, सगळं लिहा.

एक मात्र जपा. समजून घेता घेता माफ करायची घाई करू नका. अण्णांनी आईचं मंगळसूत्र गहाण टाकलं आणि विचारल्यावर तिला मारलं. ते पान मी एका शब्दानंही मवाळ केलेलं नाही. ते बटणांच्या पानाला लागूनच आहे.

तुमच्या वडिलांबरोबर काम केलेलं कुणी हयात असेल तर या महिन्यातच भेटून या. थेरगावचे ते गृहस्थ मला भेटले आणि दिवाळीच्या आत गेले. माझे निम्मे प्रश्न विचारायचे राहिले. वही न्या, पण पहिल्या भेटीत उघडू नका.