नागपूरच्या फ्लॅटमध्ये कोणती औषधी झाडं लावावी आणि गुळवेलीचा काढा रोज प्यावा का?

अडुळसा, तुळस, गवती चहा आणि पानओवा ही चार लावा, जागा उरली तर कोरफड. गुळवेल लावायची तर लावा पण घरातल्या सगळ्यांनी रोज काढा प्यायचा हे मला पटत नाही, काहून ते खाली सांगते.

तुम्ही लिहिलंय की पुण्याहून नागपूरला बदली झाली, पश्चिमेची बाल्कनी आहे, चार वर्षांची मुलगी आहे तिला सारखा खोकला होतो, सासूबाई म्हणतात गुळवेलीचा काढा सगळ्यांना द्या आणि मिस्टर म्हणतात हे सगळं थोतांड आहे. मी ज्युनिअर कॉलेजला बॉटनी शिकवते, वैद्य नाही, त्यामुळे रोगावरचा डोस माझ्याकडून घेऊ नका, पण झाडं ओळखता येतात आणि माझं सगळं म्हणणं त्या ओळखण्यावरच आहे. नर्सरीत गेलं की वीस कुंड्या घ्याव्या वाटतात, त्यापेक्षा चारच घ्या आणि ती अशी ओळखीची करा की नुसतं पान चुरडून वासावरून नाव सांगता आलं पाहिजे.

थोतांड नाही हे आधी मिस्टरांना सांगा. अडुळशाच्या पानात व्हॅसिसीन नावाचं द्रव्य असतं, त्याच्यावरूनच पुढे ब्रोमहेक्सीन हे कफ पातळ करणारं औषध तयार केलं आणि ते शरीरात गेल्यावर त्याचं जे होतं ते ॲम्ब्रॉक्सॉल, म्हणजे आज केमिस्टकडे मिळणाऱ्या कितीतरी कफ सिरपच्या बाटलीवर लिहिलेलं असतं तेच. सर्पगंधेचं पण तसंच. मुंबईच्या डॉ. रुस्तम जाल वकील यांनी सर्पगंधा बीपीवर काम करते हे १९४९ साली ब्रिटिश हार्ट जर्नलमध्ये मांडलं, १९५२ मध्ये तिच्या मुळातून रिसर्पिन वेगळं काढलं गेलं आणि बीपीच्या औषधांची सुरुवात ज्या थोड्या औषधांनी झाली त्यातलं ते एक. पण त्याच रिसर्पिनने काही पेशंटना डिप्रेशन यायचं, म्हणून आता ते फारसं देत नाहीत. म्हणजे झाडात दम असतो, आणि दम असतो म्हणूनच ते जपून वापरायचं असतं. नॅचरल आहे म्हणून साइड इफेक्ट नाही, असं व्हॉट्सॲपवर कोणी पाठवलं तर प्लीज पुढे ढकलू नका.

आता अडुळसा कसा वापरतात ते नीट सांगते कारण इथे बहुतेक जण चुकतात. कच्ची पानं मिक्सरमध्ये फिरवली तर हाती चोथाच येतो, रस निघत नाही. पानं धुवायची, पुसायची, चाळणीत ठेवून वाफवायची किंवा मंद तव्यावर मऊ पडेस्तोवर गरम करायची, रंग हिरव्याचा शेवाळी होतो आणि पान लुळं पडतं, मग सुती फडक्यात बांधून पिळायची. चार-पाच पानांचा मिळून जेमतेम चमचाभर गडद हिरवा रस निघतो. त्यात मध आणि चिमूटभर सुंठ. चव इतकी कडू की मोठी माणसंही तोंड वाकडं करतात. मुलीला द्यायचा झाला तर किती थेंब ते वैद्यांनाच विचारा. आणि घरात कोणी गरोदर असेल तर तिने अडुळसा घ्यायचाच नाही, त्याने गर्भाशय आकुंचन पावतं, हे जुन्या सुइणींनाही माहीत होतं. तान्ह्या बाळाला, म्हणजे वर्षाच्या आतल्या, मध पण चाटवायचा नाही, त्याने बॉट्युलिझम हा जिवावर बेतणारा आजार होऊ शकतो. तुमची मुलगी चारची आहे म्हणून तिला मध चालेल, आणि खरं सांगायचं तर साध्या सर्दी-खोकल्यात रात्री झोपताना अर्धा चमचा नुसता मधही बऱ्याचदा पुरतो.

तिच्यासाठी पानओवा जास्त सोपा पडेल. जाड, लवदार, कातरलेल्या कडेचं पान असतं, हात लागला तरी वास येतो. नर्सरीवाले ओव्याचं झाड म्हणूनच देतात पण आपण फोडणीत टाकतो तो ओवा याचा नाही, तो ओवा सांभाराच्या, म्हणजे तुमच्या पुण्याच्या कोथिंबिरीच्या कुळातला आणि आपण त्याचं फळ वापरतो, पानओवा तुळशीच्या कुळातला. वास मात्र दोघांचा सारखा. एक फांदी तोडून मातीत खोचली की झालं. एक-दोन पानं पाण्यात उकळून ते पाणी कोमट करून द्या नाहीतर बेसनात बुडवून भजी करा, पोरं आवडीने खातात. गवती चहा तर तुम्हाला माहीतच आहे, फक्त पात कात्रीने कापा, तिची कड ब्लेडसारखी लागते. तुळशीबद्दल काय सांगू, घरोघरी आहे, चार पानं चहात टाका. कोणी रक्त पातळ करायच्या गोळ्या घेत असेल तर त्यांनी रोज मूठभर तुळस खाऊ नये एवढंच.

कोरफडीचं पान कापलं की आधी पिवळा कडू चीक येतो, तो जुलाब करतो. हा चीक घातलेली जुलाबाची औषधं अमेरिकेच्या एफडीएने, म्हणजे तिथल्या औषधांवर देखरेख ठेवणाऱ्या सरकारी खात्याने, २००२ मध्ये बाजारातून काढायला लावली. पान ग्लासात उभं ठेवून तो चीक निथळू द्या, मगच आतला गर घ्या, तोही त्वचेवर लावायला. भाजलं असेल तर पहिली वीस मिनिटं नळाच्या साध्या वाहत्या पाण्याखाली धरायचं, कोरफड नंतर.

आता गुळवेल. नागपुरात तिची कमी नाही, जुन्या कडुनिंबांवर चढलेली दिसते आणि निंबावरची गुळवेल सगळ्यात चांगली मानतात. पान हृदयाच्या आकाराचं. पण नुसत्या पानावर जाऊ नका, खोड बघा. जुन्या खोडाची वरची साल पातळ कागदासारखी सुटते, नखाने खरवडली की खाली हिरवं लागतं, आडवं कापलं की आत चाकाच्या आऱ्यांसारखी नक्षी दिसते आणि वरून दोऱ्यासारखी मुळं खाली लोंबत असतात. तिच्याच जातीच्या दोन बहिणी आहेत. एकीच्या पानाला खालून दाट लव असते, दुसरीच्या खोडावर ठळक गाठी गाठी असतात. कोविडच्या काळात गुळवेलीचे काढे पिणाऱ्या काही पेशंटच्या लिव्हरला इजा झाल्याचं मुंबईच्या डॉक्टरांनी २०२१ मध्ये छापलं, त्यावर आयुष मंत्रालयाचा आक्षेप असा होता की त्या पेशंटनी घेतलेली वनस्पती नक्की कोणती होती तेच तपासलेलं नाही. दोन्ही बाजू वाचल्यावर माझं मत असं झालं की ज्या वेलीची ओळख डॉक्टर आणि मंत्रालय यांच्यातही वादाची ठरली, ती बाजारातून कांडीच्या स्वरूपात आणून चार वर्षांच्या लेकराला रोज पाजायची कशाला? वैद्यांनी ताप बघून ठराविक दिवस सांगितली तर जरूर घ्या, तिचा तो उपयोग पिढ्यान्पिढ्या चालत आलाय. पण शुगरच्या गोळ्या चालू असतील, थायरॉइड किंवा संधिवातासारखा ऑटोइम्यून, म्हणजे शरीराची प्रतिकारशक्ती शरीरावरच उलटते तसा आजार असेल, लिव्हरचं काही असेल, तर डॉक्टरांना सांगितल्याशिवाय नाहीच. सासूबाईंना तोडून बोलू नका, त्या काळजीपोटीच म्हणतात. सक्करदऱ्याला शासकीय आयुर्वेद रुग्णालय आहे, एकदा त्यांना आणि मुलीला सोबत घेऊन ओपीडीत दाखवा, मग जे वैद्य सांगतील ते त्यांनाही पटेल.

ओळखण्यावर मी एवढी का अडून बसते ते तरोट्यावरून सांगते. पाऊस पडला की नागपुरात रिकाम्या प्लॉटवर, ले-आउटमध्ये तरोटा उगवतो, तुमच्याकडे त्याला टाकळा म्हणतात. कोवळा असताना लसूण, कांदा, भिजवलेली चण्याची डाळ घालून काय भाजी होते बाप्पा! आणि त्याच्या बिया ताकात वाटून गजकर्णावर लावायची जुनी पद्धत आहे. आता त्याच प्लॉटवर शेजारीच कासविंदा पण उगवतो, फुलं तशीच पिवळी, शेंगा तशाच लांब. त्याच्या शेंगा खाऊन पश्चिम उत्तर प्रदेशात खेड्यातली लहान मुलं पावसाळा संपता संपता अचानक बेशुद्ध पडून दगावायची, वर्षानुवर्षं तो मेंदूज्वर समजला गेला, मग तिथल्या डॉक्टरांनीच शोधून काढलं की हे व्हायरस नाही, या बियांचं विष आहे. तरोट्याच्या एका पानाला छोट्या पानांच्या तीन जोड्या, टोक गोलसर. कासविंद्याच्या चार-पाच जोड्या, टोक अणकुचीदार. पोरीला घेऊन खाली फिरायला जाल तेव्हा दोन्ही दाखवा आणि शेंगा तोंडात घालायच्या नाहीत हे तिला आत्ताच शिकवा.

हळद मात्र बिनधास्त वापरा. आपल्या वर्धा जिल्ह्यात समुद्रपूर तालुक्यात वायगाव आहे, तिथल्या हळदीला जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन मिळालंय, रंग गडद आणि कर्क्युमिन हे हळदीतलं मुख्य द्रव्य भरपूर, पावशेर आणून बघा. जखमेवर हळद लावायचं पेटंट अमेरिकेत १९९५ मध्ये मिसिसिपी विद्यापीठाच्या मेडिकल सेंटरला मिळालं होतं, आपल्या डॉ. माशेलकरांच्या सीएसआयआर या सरकारी संशोधन संस्थेने जुन्या ग्रंथांचे दाखले देऊन ते १९९७ मध्ये रद्द करून घेतलं. दुधात टाकताना दोन मिऱ्यांची पूड घाला, मिऱ्यातल्या पिपरीनमुळे हळद अंगी लागते.

दोन ठिकाणी झाडपाला पूर्ण बाजूला. साप चावला तर मुळी उगाळत बसायचं नाही, हात-पाय हलू न देता सरळ मेडिकलला, म्हणजे इथल्या सरकारी मेडिकल कॉलेजच्या दवाखान्यात न्यायचं, उतारा फक्त अँटीव्हेनम, म्हणजे सापाच्या विषावरचं इंजेक्शन. आणि कावीळ. गावाकडे कावीळीची माळ घालतात, माळ लांबली की कावीळ उतरली म्हणतात, पण ती माळ हिरव्या काड्यांची असते, काड्या सुकून बारीक होतात म्हणून दोरा सैल पडतो. दूषित पाण्याची कावीळ बहुतेक मुलांची काही आठवड्यांत आपोआप बरी होते आणि श्रेय माळेला जातं, पण ज्या एखाद्या लेकराचं लिव्हर खरंच बिघडत असतं त्याचे हातचे दिवस त्यात जातात.

खोकल्यात मुलीचा श्वास जोरात चालला, फासळ्या आत ओढल्या जाऊ लागल्या, पाणी पिईना, तर तेव्हाही आधी डॉक्टर.

लावण्याचं म्हणाल तर मे महिन्यात काही लावू नका, इथे पारा ४५ च्या वर जातो आणि पश्चिमेच्या बाल्कनीत दुपारी कुंडी हाताला चटका देते. जूनमध्ये दोन-तीन चांगले पाऊस झाले की लावा. अडुळशाला मोठी कुंडी, निदान चौदा इंची, तो झुडूप होतो. पुढच्या उन्हाळ्यात हिरवी नेट बांधा, पाणी सकाळी आणि सूर्य मावळल्यावर, कोरफड तांबूस झाली तर घाबरू नका, ऊन जास्त झालंय, सावलीत सरकवा. नर्सरीतून काय आणलं त्याचे पान, खोड आणि फूल आलं असेल तर त्याचे फोटो इथेच टाका, मी बघून सांगते.