१६ किलोतच पुढे कसं जायचं?

प्रश्न : माझ्याकडे १६ किलोची एकच केटलबेल (कडी असलेला लोखंडी गोळा) आहे. दोन्ही हातांनी २० स्विंग (पायांमधून छातीपर्यंत झोका) आता सहज होतात. २४ किलोची घेऊ का?
– एक वाचक, सांगली

उत्तर : थांबा, पाकीट खिशातच राहू द्या. आधी स्विंग एका हाताने करा. तेच वजन अंगाला पीळ द्यायला बघतं आणि पोट-कंबर ताठ ठेवावीच लागते. गॉब्लेट स्क्वॉटमध्ये, म्हणजे केटलबेल छातीशी धरून मारायच्या बैठकीत, खाली जायला ५ सेकंद घ्या, तळाशी ३ सेकंद थांबा. माझा माज इथेच उतरला होता, पाचव्या बैठकीला पाय लटपटले! प्रेस (खांद्यापासून डोक्यावर ढकलणं) जड करायचा तर केटलबेल उलटी, बूड वर करून धरा. (खाली जुनी गादी टाका, फरशी महाग पडते.) स्विंग मात्र कधीच संथ करू नका, तो झटक्याचाच व्यायाम. तिथे फक्त विश्रांती कमी करा.