पंधरा सेकंदांमागची एकवीस वर्षं

एका आईचं पत्र आलं आहे. त्याचा सारांश असा: "मुलगी रसायनशास्त्राच्या पदवीच्या दुसऱ्या वर्षाला आहे. मेडिकलचा प्रवेश थोडक्यात हुकला आणि मनाविरुद्ध इकडे आली. गेल्या महिन्यात तिनं एक व्हिडिओ पाहिला. रक्त येणाऱ्या जखमेवर पाण्यासारखं काहीतरी टाकतात, त्याची जेल होते आणि रक्त थांबतं. तेव्हापासून 'मला हेच बनवायचंय' असं चाललंय. पदवी सोडून बायोमेडिकल इंजिनिअरिंगला जाऊ का, असंही विचारते. यात नोकऱ्या आहेत का? की डॉक्टर होता आलं नाही म्हणून मनाची समजूत घालतेय?"

नमस्कार ताई,

शेवटचा प्रश्न तुम्ही पत्राच्या तळाला, जाता जाता विचारल्यासारखा लिहिला आहे. माझ्या मते खरा प्रश्न तोच आहे. पण आधी त्या व्हिडिओकडे वळू, कारण तिला नेमकं काय आवडलं हे तिलाही अजून उमगलेलं नसावं.

ते द्रव बहुधा पेप्टाइडचं असणार. पेप्टाइड म्हणजे अमिनो आम्लांची छोटी साखळी. या क्षेत्रात सर्वांत गाजलेली साखळी आहे राडा-१६. तिच्यात सोळाच अमिनो आम्लं असतात आणि त्यांची मांडणी अशी, की साखळीची एक बाजू पाण्याला धरून राहते, तर दुसरी पाण्याला टाळते. आम्लधर्मी द्रवात सगळ्या साखळ्यांवर सारखाच विद्युतभार असतो, म्हणून त्या एकमेकींना दूर लोटतात आणि द्रव पातळ राहतं. रक्ताशी गाठ पडली की आम्लता उतरते, रक्तातले क्षार मध्ये येतात आणि दूर लोटणारा जोर ओसरतो. मग पाण्याला टाळणाऱ्या बाजू एकमेकींना चिकटतात, त्यातून सुमारे दहा नॅनोमीटर जाडीचे तंतू तयार होतात आणि तंतूंची जाळी बनते. शस्त्रक्रियेत वापरतात त्या द्रवात पेप्टाइड असतं अवघं २.५ टक्के, बाकी जवळजवळ सगळं पाणी. तरी ते थिजतं, आणि पारदर्शक असल्यामुळे सर्जनला खालची जखम दिसत राहते. कुणी ढवळत नाही, तापवत नाही, वरून गोंद घालत नाही. म्हणून याला सेल्फ-असेंब्ली म्हणतात, आपल्या भाषेत आपोआप जुळणं.

ही युक्ती मुळात शरीराचीच. आपलं रक्त गोठतं तेव्हा थ्रॉम्बिन हे एन्झाइम फायब्रिनोजेनचे छोटे तुकडे छाटतं आणि उरलेले रेणू स्वतःहून जुळून फायब्रिनचे तंतू बनवतात. कातडी, हाडं आणि स्नायुबंध यांतलं कोलॅजेन हे प्रथिनही असंच रचलं जातं.

आता तारखा पाहा. मुलीलाही दाखवा. अमेरिकेतल्या एमआयटी या संस्थेतले संशोधक शुगुआंग झांग यांना या घराण्यातलं पहिलं पेप्टाइड यीस्टच्या एका प्रथिनात सापडलं. क्षार घातले की त्याचा पापुद्रा तयार होतो, हे सांगणारा शोधनिबंध १९९३ चा. २००६ मध्ये रटलेज एलिस-बेन्के आणि सहकाऱ्यांनी दाखवलं, की प्राण्यांच्या जखमांवर असं द्रव टाकलं तर पंधरा सेकंदांच्या आत रक्त थांबतं. आणि राडा-१६ वापरून रक्त थांबवणाऱ्या उत्पादनाला युरोपात मान्यता मिळाली २०१४ मध्ये. व्हिडिओत दिसतात ते पंधरा सेकंद. त्यामागची एकवीस वर्षं कुणीतरी प्रयोगशाळेत, कारखान्यात आणि कागदपत्रांत घालवली आहेत, आणि तुमच्या मुलीला नोकरी मिळाली तर ती त्या एकवीस वर्षांत मिळणार आहे.

त्या वर्षांत लोक करतात तरी काय? सोळा अमिनो आम्लं जोडायची म्हणजे पंधरा जोडण्या. प्रत्येक जोडणी ९९ टक्के यशस्वी झाली, तरी शेवटी पूर्ण साखळ्या उरतात सुमारे ८६ टक्के. जोडणी ९५ टक्क्यांवर आली की निम्म्याहून कमी. उरलेला माल अर्धवट साखळ्यांचा. तो एचपीएलसी या मिश्रणातले घटक वेगळे करणाऱ्या यंत्रावर वेगळा काढायचा, रेणूंचं वजन सांगणाऱ्या मास स्पेक्ट्रोमीटरवर तपासायचा, आणि मग कळतं की शुद्ध केलेली बॅचही मागच्या बॅचसारखी थिजत नाही. का? मीठ जरा जास्त राहिलं? द्रव जुनं झालं? निर्जंतुक करताना बिघडलं? जेलचा घट्टपणा ऱ्हिओमीटरवर मोजा, तंतू इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपखाली पाहा, पुन्हा बनवा. हे काम रोमांचक नाही असं मी म्हणणार नाही. ज्याला त्यात रस आहे त्याला ते गुप्तहेराच्या कामासारखं वाटतं. पण रुग्ण, स्टेथोस्कोप, "डॉक्टर, तुमच्यामुळे वाचलो" हे त्यात कुठेच नाही. ऑपरेशन थिएटरमध्ये पाऊल न टाकताच यातल्या कित्येकांचं करिअर संपतं.

म्हणून तिला सरळ विचारा: तुला रुग्णाला हात लावायचा आहे, की त्या द्रवाला? उत्तर रुग्ण असेल, तर हा रस्ता तिथे जात नाही. मग पुन्हा परीक्षा देणं किंवा रुग्णसेवेतलाच दुसरा एखादा पेशा निवडणं अधिक प्रामाणिक ठरेल. उत्तर द्रव असेल, तर मनाची समजूत घालते आहे ही तुमची शंका मागे ठेवा. हुकलेल्या दाराशी उभं असताना शेजारचं दार दिसलं, एवढंच झालं. ते तिला एरवी दिसलंही नसतं.

पदवी सोडण्याबद्दल माझं मत स्पष्ट आहे: सोडू नये. हे सगळं मुळात रसायनशास्त्रच आहे, तेही भौतिक रसायनशास्त्र: रेणूंमधली ओढ, विद्युतभार, एंट्रॉपी. ज्या पेपराला मुलं कंटाळतात नेमका तोच. बायोमेडिकल इंजिनिअरिंग, पॉलिमर किंवा बायोमटेरिअल्स यांत तिला पदव्युत्तर शिक्षणासाठी जाता येईल आणि तेव्हा रसायनाचा पाया तिचं भांडवल ठरेल. या दोन वर्षांत तिनं संख्याशास्त्र नीट शिकावं आणि जमलं तर पेशी वाढवण्याचं तंत्र हाताखालून घालावं.

इथे माझी एक चूक सांगते. बऱ्याच वर्षांपूर्वी एका मुलाला मी केवळ नावात 'नॅनो' आहे म्हणून एक नवा अभ्यासक्रम सुचवला होता. नाव झकपक होतं, पण प्रयोगशाळेचे तास जवळजवळ नव्हते. दोन वर्षांनी तो पुन्हा मुळापासून एचपीएलसी शिकत बसला. तेव्हापासून अभ्यासक्रमाचं नाव मी शेवटी वाचते. आधी विचारते: आठवड्याला किती तास यंत्रावर हात पडेल?

नोकऱ्यांचं म्हणाल, तर फक्त आपोआप जुळणारी जेल विकणाऱ्या कंपन्या जगभरात मोजक्याच. पण पेप्टाइड बनवायला आणि शुद्ध करायला येणारी माणसं मोजकी पुरत नाहीत. मधुमेहावरचं आणि वजन कमी करण्यासाठीचं टिर्झेपटाइड हे औषधही ३९ अमिनो आम्लांचं पेप्टाइड आहे, आणि साखळी जोडण्या-गाळण्याचं हेच कौशल्य तिथे लागतं. म्हणजे जेलच्या जगात जागा नसली तरी तिचा हात रिकामा राहणार नाही. संशोधन करायचं तर पीएचडी हवीच, त्यात पदव्युत्तर धरून सहा-सात वर्षं सहज जातात. पीएचडी नको असेल तर उत्पादन, गुणवत्ता तपासणी आणि नियामक कामकाज हे विभाग आहेत. शरीरात जाणाऱ्या वस्तूची जैविक सुरक्षितता आयएसओ १०९९३ या मानकांनुसार तपासावी लागते, आणि ते नीट समजणाऱ्या रसायनतज्ज्ञाला कंपनीत मान असतो. मुलांना हे काम कागदी वाटतं. मला तसं वाटत नाही.

एक सावधगिरी मात्र हवी. लवकरच ती तुम्हाला मणक्याच्या उंदरांची गोष्ट सांगेल. २०२१ मध्ये नॉर्थवेस्टर्न विद्यापीठातल्या सॅम्युएल स्टुप यांच्या गटानं मणक्यातल्या मज्जारज्जूला इजा झालेल्या उंदरांना अशाच जुळणाऱ्या रेणूंचं एक इंजेक्शन दिलं आणि चार आठवड्यांत ते चालू लागले. गोष्ट खरी आहे आणि सुंदरही. पण रक्त थांबवणारी जेल प्रामुख्यानं आडोसा म्हणून काम करते, तर मणक्यातले रेणू पेशींना संदेश देतात. संदेश देणाऱ्या पदार्थाची तपासणी औषधासारखी होते आणि तिला फार वेळ लागतो. उंदरापासून माणसापर्यंतच्या वाटेवर बरंच काही गळून पडतं. शिवाय साधी जेलही सगळीकडे चालत नाही. मोठ्या धमनीतून उसळणाऱ्या रक्तापुढे ती टिकत नाही, तिथे टाका किंवा क्लिपच लागते. मर्यादा ऐकून तिचा चेहरा उतरतो की "मग ती घट्ट कशी करायची?" असं विचारते, यावर लक्ष ठेवा.

आणि वाट न पाहता एक प्रयोग करू द्या. तिच्या महाविद्यालयात स्पेक्ट्रोफोटोमीटर, म्हणजे द्रवातून किती प्रकाश पार जातो ते मोजणारं यंत्र, असेल. कोलॅजेनचं आम्लधर्मी द्रावण थंड ठेवायचं, बफर (आम्लता ठरावीक ठेवणारं द्रावण) घालून उदासीन करायचं आणि ३७ अंशांवर न्यायचं. सुरुवातीला काहीच होत नाही, मग ते झपाट्यानं दुधाळ होत जातं आणि शेवटी स्थिरावतं. गढूळपणा दर मिनिटाला मोजला तर आडव्या ताणलेल्या 'एस'सारखी रेघ मिळते. शिक्षकांना विचारून, त्यांच्या देखरेखीखाली हाच प्रयोग तिला पाच वेळा करू द्या. पाचही रेघा एकमेकींवर बसणार नाहीत, हे मी आत्ताच सांगून ठेवते. त्या संध्याकाळी ती घरी आल्यावर काय बोलते ते मला लिहा. पुढचं पत्र मात्र तिनंच लिहिलं तर जास्त बरं, आणि सोबत त्या पाच रेघा पाठवा.