वाचक विचारतात : शंभर फुटांवरचा सॅमन

प्रश्न : मिशिगन तलावाकाठी, मिलवॉकीत राहतो. यंदा छोटी बोट घेऊन दोन डाऊनरिगर (तारेला जड गोळा बांधून आमिष खोल पाण्यात नेणारी यंत्रं) बसवले. ऑगस्टात शेजारच्या बोटवाल्याला १०० फुटांवर सॅमन मिळाले. मीही यंत्राच्या आकड्यावर १०० लावतो, पण चारही फेऱ्या रिकाम्या. चुकतं कुठे? आणि बायको विचारते, हा आपला रावसच ना? – एक वाचक

उत्तर : पहिलं वर्षभर मीही हेच केलं. मालवणात गरवायचो तेव्हा शिसं तळाला टेकलं की बोटाला कळायचं. इथे गोळा अधांतरी, त्यामुळे आकड्यावर भिस्त. तो आकडा सांगतो तार किती सुटली एवढंच. बोट ताशी अडीच मैलांनी चालली की गोळा मागे ओढला जातो, तार तिरपी होते. ४५ अंशांनी तिरकी असेल तर १०० फूट तारेचा गोळा ढोबळमानाने ७० फुटांवरच. यंत्राला पेलत असेल तर ८ पौंडांऐवजी १२ पौंडांचा गोळा लावा.

शिवाय शेजाऱ्याचे १०० फूट त्या सकाळचे होते. चिनूक जातीचा सॅमन गार पाण्यामागे फिरतो, साधारण १० ते १३ अंश सेल्सिअस. पश्चिमेचा वारा दोन दिवस टिकला की तुमच्या किनाऱ्याचं ऊन पाणी आत ढकललं जातं, खालचं गार पाणी वर येतं आणि मासा ४० फुटांवरही सापडतो. म्हणून आधी तापमान मोजा, मग तार सोडा.

गोळ्याजवळच्या चिमट्यात गळाची दोरी अडकवल्यावर काठी चांगली वाकेपर्यंत ताणून घ्या. मासा लागला की चिमटा सुटतो, काठी ताडकन सरळ होते. मी एकदा ढिली ठेवली आणि माशाचं वीतभर पोर तासभर फरफटत नेलं. अजून वाईट वाटतं.

वहिनींना सांगा, रावस नव्हे. हॉटेलवाले रावसाला ‘इंडियन सॅमन’ म्हणतात, पण त्याचं कूळच वेगळं. मिशिगन तलावातला सॅमनही मूळचा तिथला नाही. अलवाईफ मासे बेसुमार वाढले, ते खायला मिशिगन राज्याने १९६६मध्ये कोहो जातीचे सॅमन आणि १९६७मध्ये चिनूक सोडले. कालवण मात्र रावसासारखंच करा, फक्त कातडी आणि पोटाची चरबी काढून टाका. तलावातलं पीसीबी नावाचं रसायन चरबीतच साठतं, आणि मोठ्या माशात जास्त.